एल्विन यांचा कॅमेरा आणि रानातले तारुण्य

चंद्रपूरचा इतिहास सांगायला बसले की आपले बोट प्रथम परकोटाकडे जाते. गोंड राजांनी बांधलेली तटबंदी, तिचे चार दरवाजे, अंचलेश्वराचे देवालय, राणी हिराई, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यानंतर आलेला इंग्रजी अंमल, १८५८ मध्ये फासावर गेलेले बाबूराव शेडमाके आणि त्यानंतर कोळशाच्या खाणी, असा हा क्रम ठरून गेला आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. याच तटाबाहेरच्या वाटांनी डोक्यावर मोहाची टोपली घेऊन आठवडी बाजाराला जाणारी, मिठाच्या बदल्यात चारोळी मोजून देणारी, रात्री ढोलाच्या तालावर फेर धरणारी पंधरा-वीस वर्षांची मुलेमुली या इतिहासात कोठेच नाहीत. त्यांनी शिलालेख कोरले नाहीत, बखरी लिहिल्या नाहीत, सरकारदरबारी अर्जही केले नाहीत. त्यांचा लेखी पुरावा शोधू गेल्यास हाती लागते ते जंगलखात्याचे दंडाचे रजिस्टर आणि फौजदारी खटल्यांचे कागद.

अशा माणसांच्या रोजच्या जगण्याचे जे थोडे दप्तर उरले आहे ते छायाचित्रांचे आहे. आणि हे दप्तर तयार करणाऱ्यांत व्हेरिअर एल्विन यांचे नाव फार वरचे आहे. एल्विन यांचे मुख्य कार्य मंडला जिल्ह्यात आणि बस्तर संस्थानात झाले, चांद्यात नव्हे, हे खरे. पण मंडला आणि चांदा हे दोन्ही जिल्हे त्या काळी एकाच मध्य प्रांतात, नागपूरच्या एकाच सचिवालयाखाली होते. बस्तर तर भामरागडपासून इंद्रावतीच्या पलीकडच्या काठावर आहे. नदीच्या दोन्ही तीरांवर माडियांची वस्ती आहे, सोयरीक आहे, देव एक आहेत. राज्यांच्या सीमा नकाशावर आल्या. नात्यांनी त्या फारशा मानलेल्या नाहीत. म्हणून एल्विन यांचे चरित्र आणि त्यांनी टिपलेले तारुण्य हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला परका विषय मानता येत नाही.

नमुन्यांचा काळ

एल्विन यांचे वेगळेपण समजण्यासाठी त्यांच्यापूर्वी काय चालत होते ते पाहिले पाहिजे. छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये युरोपात जाहीर झाली आणि पुढच्या दोन दशकांतच ती मुंबईत रुजली. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे या कलेचे आपल्याकडचे आद्य उपासक. पण सरकारच्या हाती कॅमेरा गेला तेव्हा त्याचा हेतू बदलला. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंड निघाले. त्यांत हिंदुस्थानातील जातीजमातींची छायाचित्रे ओळीने लावलेली आहेत. १८५७ च्या उठावानंतर आपल्या प्रजेत कोण कोण आहे, याची मोजदाद राज्यकर्त्यांना हवी होती. त्यामुळे त्या चित्रांत माणूस येतो तो नमुना म्हणून. ताठ उभा, हाताशी आपले शस्त्र किंवा अवजार, नजर समोर, आणि खाली नाव माणसाचे नसून जातीचे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांताच्या जातीजमातींवर चार खंडांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो आजही उपयोगी आहे, पण त्यातील छायाचित्रांची जातकुळीही बव्हंशी हीच आहे. माणूस उभा राहतो आणि साहेब त्याची नोंद करतो. तो हसत नाही, कोणाशी बोलत नाही, काम करीत नाही. मुख्य म्हणजे त्याला वय नसते. जमातीला बालपण आणि तारुण्य असते, ही गोष्टच त्या चित्रांतून निसटून गेली.

ऑक्सफर्ड ते करंजिया

व्हेरिअर एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधील डोव्हर येथे झाला. वडील आफ्रिकेतील सिएरा लिओनचे बिशप होते. ते १९०९ मध्ये निवर्तले आणि आईने मुलांना कडक धार्मिक वळणात वाढवले. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात एल्विन यांनी प्रथम इंग्रजी साहित्यात आणि नंतर धर्मशास्त्रात पहिला वर्ग मिळवला. पुढे चर्चमधील मोठी पदे त्यांना सहज लाभली असती. पण १९२७ च्या अखेरीस ते जहाजात बसले आणि पुण्यात जॅक विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. खादी नेसणारे, जमिनीवर बसून जेवणारे आणि ख्रिस्ती धर्माला हिंदी रूप देऊ पाहणारे ते एक लहानसे मंडळ होते. १९२८ च्या आरंभी एल्विन साबरमतीला गेले आणि गांधीजींच्या व्यक्तिमत्त्वाने पुरते भारून गेले. धर्मप्रसारासाठी आलेला तरुण पाहता पाहता काँग्रेसचा पक्षपाती झाला.

पुण्यातच त्यांना शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती तरुण भेटला. एल्विन यांच्या चरित्रात शामरावांना नेहमी दुय्यम जागा मिळते, आणि ते न्याय्य नाही. खेड्यातील माणसाशी बोलणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, भांडण मिटवणे, संस्थेचा हिशेब राखणे, या सर्व गोष्टी शामरावांनी केल्या. त्यांनी स्वतः नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर ग्रंथ लिहिला आणि तो १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. एल्विन यांना रान उघडून दाखवणारा माणूस मराठी होता, ही गोष्ट आपण तरी विसरू नये.

सुशिक्षितांना सोडून उपेक्षितांत काम करावे, हे एल्विन यांच्या मनाने घेतले होते. कोणात, हा प्रश्न होता. जमनालाल बजाज आणि वल्लभभाई पटेल यांनी त्यांचे लक्ष गोंडांकडे वळवले. बजाजांचे वर्धा आणि गोंडांचा मुलूख यांत अंतर ते किती? नागपूरचे तेव्हाचे बिशप अ‍ॅलेक्स वुड हे पूर्वी चांद्याच्या मिशनमध्ये काम केलेले गृहस्थ होते. त्यांनी काँग्रेसवाल्या एल्विन यांना आपल्या हद्दीत धर्मोपदेशाचा परवाना दिला नाही. त्याचा परिणाम उलटाच झाला. एल्विन चर्चच्या चौकटीबाहेर पडून काम करू लागले आणि काही वर्षांत त्यांनी चर्चशी असलेला संबंधच तोडला. १९३२ च्या जानेवारीत, गांधीजींच्या अटकेच्या धामधुमीनंतर लगेच, ते आणि शामराव मैकल डोंगरातील करंजिया या गावी पोहोचले. मातीच्या झोपड्या, एक दवाखाना, एक शाळा, पुढे कुष्ठरोग्यांसाठी निवारा, असा त्यांचा संसार होता. राजकारणात भाग घेणार नाही अशी हमी दिल्यावरच सरकारने एल्विन यांना इंग्लंडहून परत येऊ दिले. ती हमी त्यांनी पाळली. मात्र धर्मांतराचे काम त्यांनी कधीच केले नाही.

मानववंशशास्त्राचे विधिवत शिक्षण त्यांना नव्हते. शेजाऱ्यांशी बोलता बोलता ते शास्त्रज्ञ झाले. १९३९ मध्ये बैगांवर, १९४२ मध्ये लोखंड गाळणाऱ्या अगारियांवर, १९४३ मध्ये बस्तरच्या माडियांतील खून आणि आत्महत्या यांवर त्यांचे ग्रंथ निघाले. शेवटच्या ग्रंथासाठी त्यांनी शंभर खटल्यांचे कागद तपासले आणि रानातला माणूस खून करतो तो रागाने, मत्सराने, दारूच्या भरात, घरच्या भांडणातून, म्हणजे इतर कोणाही माणसासारखाच, हे दाखवून दिले. जमातच रक्तपिपासू असते ही शहरी समजूत त्यांनी पुराव्यानिशी खोडून काढली. माडियांवर वेगळ्या कारणांनी तोच आरोप आजही होत असल्यामुळे हे पुस्तक जुने झाले आहे असे म्हणवत नाही.

तरुणांचे राज्य

१९४० च्या सुमारास एल्विन बस्तरमध्ये राहायला गेले. तेथील मुरिया गोंडांच्या गोटुलाचा त्यांनी केलेला अभ्यास १९४७ मध्ये ‘द मुरिया अँड देअर घोटुल’ या सातशेहून अधिक पानांच्या ग्रंथात आला. त्यांच्या निधनानंतर, १९६८ मध्ये, त्याचा संक्षेप प्रसिद्ध झाला. त्याला नाव दिले गेले ते तरुणांचे राज्य अशा अर्थाचे. ते नाव समर्पक आहे.

मुरियांच्या गोटुलात गावची अविवाहित मुलेमुली संध्याकाळी जमतात. मुलांना चेलिक म्हणतात, मुलींना मोटियारी. प्रत्येकाला गोटुलातले वेगळे नाव आणि हुद्दा मिळतो. सरदार असतो, दिवाण असतो, मुलींत बेलोसा असते. मुलांनी सरपण आणायचे, मुलींनी अंगण झाडायचे, चुकले तर दंड भरायचा, आणि दंड ठरवणारेही त्यांच्याच वयाचे. गावात लग्न असो की मयत, कामाला गोटुल हजर असतो. कोणाच्या शेतात हात कमी पडले तर गोटुलाची टोळी मजुरीवर जाते. मुलगा लाकडाची फणी कोरतो आणि आवडत्या मुलीला देतो. ती फणी केसांत खोचलेली असते तोवर साऱ्या गावाला एक गोष्ट न बोलता कळलेली असते. लिंगो देवाने घालून दिलेली ही रीत आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे.

मुलामुलींनी एकत्र रात्र घालवण्याची मुरियांची प्रथा बाहेरच्या जगात फार गाजली. या बाबतीत एक खुलासा आवश्यक आहे. सगळ्या गोंडांचा गोटुल एकसारखा नाही. पहाडी माडियांत गोटुल हे अविवाहित मुलग्यांचे निजण्याचे ठिकाण असते. मुली नाचगाण्याला येतात, पण तेथे झोपत नाहीत. पाहुण्याची उतरण्याची जागा आणि गावाची बैठक म्हणूनही त्याचा उपयोग होतो. गडचिरोलीतल्या गोटुलाबद्दल शहरात जे चवीने बोलले जाते त्यातले पुष्कळसे दुसऱ्याच जमातीबद्दलचे आणि तेही अर्धवट ऐकलेले असते.

एल्विन यांच्या कॅमेऱ्याने या जगात जे केले ते पूर्वी फारसे झाले नव्हते. त्यांच्या चित्रांत माणसे काहीतरी करीत असतात. केस विंचरणे, माळा ओवणे, ढोल वाजवणे, खेळणे, नाचणे, एकमेकांकडे पाहून हसणे. शहरात रस्ता हे जसे तारुण्याचे रंगमंच असते तसे रानात गोटुलाचे अंगण आणि बाजाराची वाट असते. एल्विन यांनी ते अंगण टिपले. जमातीच्या नमुन्याला त्यांनी वय दिले, मित्र दिले, नखरा दिला. छायाचित्रकार सुनील जाना यांनीही एल्विन यांच्यासोबत आदिवासी मुलखात प्रवास केला आणि त्यांच्या कामातही ही जिवंत नजर दिसते.

माळेतले नाणे

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ही चित्रे थोडी वेगळ्या रीतीने वाचावीत असे वाटते. आदिवासी तरुणीच्या गळ्यातले मणी काचेचे असतात. ते रानात पिकत नाहीत. केसांतला आरसा, फेट्याचे गिरणीचे कापड, आणि कित्येकदा माळेत ओवलेली नाणी, ही सर्व बाजाराची देणगी आहे. राणीचा किंवा राजाचा मुखवटा असलेले नाणे मुलीच्या गळ्यात असते याचा अर्थ रोकड अर्थव्यवस्था त्या अंगणापर्यंत पोहोचलेली होती. ते नाणे मजुरीतून आले असेल, मोह-चारोळी-लाख विकून आले असेल, पण आले ते बाहेरून. त्याच्या मागोमाग सावकार, ठेकेदार आणि जंगल शिपाईही आलेले होते. जगापासून तुटलेली निष्पाप रानमाणसे हे जे कल्पनाचित्र आपण अशा छायाचित्रांत पाहतो त्याचे खंडन त्या छायाचित्रातच असते. फक्त चेहऱ्याऐवजी दागिना नीट पाहावा लागतो.

दुसरी गोष्ट अशी की चित्रात नाच दिसतो, दंड दिसत नाही. बैगांची बेवर शेती, म्हणजे झाडोरा तोडून, जाळून, राखेत बी फेकण्याची पद्धत, सरकारने बंद करत आणली आणि १८९० मध्ये मंडला जिल्ह्यातील एका मर्यादित टापूपुरती ती उरवली. अगारियांच्या भट्ट्या करामुळे आणि कारखान्यातल्या स्वस्त लोखंडामुळे विझत गेल्या. वेठबिगार होती, उपासमार होती, हिवताप होता. हे सगळे एल्विन यांनी लिहिले आहे, आणि कठोरपणे लिहिले आहे. पण लेखी मजकूर कपाटात राहतो आणि चित्र मात्र प्रवास करते. एल्विन यांची प्रतिमा जगात पोहोचली ती नाचणाऱ्या मुलामुलींचा चित्रकार म्हणून. भट्टीवरच्या कराची चर्चा करणारा लेखक थोड्यांनाच ठाऊक आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या लोकांना अगारियांची कथा तर विशेष जवळची वाटावी. आपल्याही मुलखात लोहाऱ्यासारख्या ठिकाणचे लोहखनिज जुन्या काळापासून प्रसिद्ध होते आणि आज सुरजागडच्या टेकड्यांवर मोठ्या यंत्रांनी खाणकाम चालले आहे. लोखंड तेच आहे. ते कोणी काढायचे आणि कोणाच्या फायद्यासाठी, हा प्रश्नही तोच आहे.

पुण्यातून आलेली उत्तरे

बैगांवरील ग्रंथात एल्विन यांनी एक सूचना केली. या लोकांसाठी एक राखीव मुलूख ठेवावा, तेथे त्यांना आपल्या रीतीने शेती व शिकार करू द्यावी आणि बाहेरच्या अधिकाऱ्यांचा व व्यापाऱ्यांचा उपसर्ग कमी करावा, असा तिचा आशय होता. तिच्यावर मोठे वादळ उठले. माणसांना प्राणिसंग्रहालयात कोंडण्याचा हा बेत आहे, अशी टीका झाली. या वादाचे एक केंद्र पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ठक्करबाप्पांनी १९४१ मध्ये तेथे काळे स्मारक व्याख्यान दिले आणि आदिवासींचा प्रश्न दारिद्र्य, निरक्षरता व अनारोग्य यांचा आहे, तेव्हा त्यांना वेगळे ठेवून तो सुटणार नाही, असे प्रतिपादन केले. त्याच संस्थेने १९४३ मध्ये डॉक्टर गोविंद सदाशिव घुर्ये यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. घुर्ये यांच्या मते हे लोक म्हणजे हिंदू समाजाचाच मागे राहिलेला भाग होता आणि त्या समाजात त्यांचे पूर्ण मिसळणे हाच मार्ग होता.

आज मागे वळून पाहता या वादात दोन्ही बाजूंना काही दिसले होते आणि काही सुटले होते, असे म्हणावे लागते. जमीन आणि जंगल हातचे गेले की संस्कृतीही जाते, हे एल्विन यांनी ओळखले. शाळा आणि दवाखाना नाकारून कोणाचे भले होत नाही, हे ठक्करबाप्पांनी ओळखले. पण काय हवे हे त्या चेलिकाला आणि मोटियारीला कोणीच विचारले नाही. त्यांच्या भवितव्याचा वाद त्यांना न येणाऱ्या भाषेत, त्यांनी न पाहिलेल्या शहरांत झाला. पुढे एल्विन यांनी राखीव मुलखाची कल्पना सोडून दिली. लोकांनी आपल्या वृत्तीप्रमाणे, आपल्या गतीने पुढे जावे आणि सरकारने घाई करू नये, अशा भूमिकेवर ते स्थिरावले.

कोसीचे चित्र

एल्विन यांच्या चरित्रात एक पान असे आहे की ते वगळून त्यांचा गौरव करता येणार नाही. १९४० मध्ये त्यांनी कोसी नावाच्या गोंड तरुणीशी गोंड रीतीने विवाह केला. ते सदतीस वर्षांचे होते. ती वयाने फार लहान होती. इंग्रज विद्वान आणि रानातली मुलगी या जोडीचे जगाला मोठे कुतूहल वाटले. पण नऊ वर्षांनी, १९४९ मध्ये, घटस्फोट झाला. एल्विन यांनी पुढे पाटणगडच्या लीला या परधान स्त्रीशी १९५३ मध्ये विवाह केला आणि तो संसार सुखाचा झाला. कोसी मंडल्याच्याच मुलखात मागे राहिली. तिचे उरलेले दीर्घ आयुष्य हलाखीत गेले आणि २०१० मध्ये, एल्विन यांच्या पश्चात तब्बल ४६ वर्षांनी, ती वारली. एल्विन यांनी आपल्या आत्मचरित्रात तिला जवळजवळ जागाच दिली नाही.

हा एका माणसाच्या खाजगी आयुष्यातला दोष म्हणून सोडून देता येईल. परंतु त्याचा संबंध आपल्या विषयाशी आहे. छायाचित्रातील तरुणी तरुणच राहते. तिचे म्हातारपण, तिचे आजारपण, तिची गुजराण यांच्याशी चित्र पाहणाऱ्याला कर्तव्य नसते. ज्या माणसाने आदिवासी स्त्रीच्या स्वातंत्र्याचे आणि आनंदाचे एवढे मनःपूर्वक वर्णन केले त्याच्याच घरातील आदिवासी स्त्री त्या वर्णनाबाहेर राहिली. मोठ्या सहानुभूतीलाही आंधळा कोपरा असतो, आणि तो बहुधा स्वतःच्या घराजवळ असतो.

ईशान्येकडे

स्वातंत्र्यानंतर एल्विन येथेच राहिले. १९५४ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि त्याच वर्षी पंडित नेहरूंच्या सरकारने त्यांना ईशान्य सीमा प्रदेशाचे, म्हणजे आजच्या अरुणाचलचे, आदिवासी विषयांचे सल्लागार नेमले. शिलाँगला राहून त्यांनी तो डोंगराळ मुलूख पायी पालथा घातला. अधिकाऱ्यांनी लोकांवर आपला पोशाख आणि आपल्या सवयी लादू नयेत, तेथील विणकाम व कला जपावी, बाहेरच्यांना जमीन बळकावू देऊ नये, असे धोरण त्यांनी आग्रहाने मांडले. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला.

आपल्याकडच्या तारुण्याचे काय?

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग वनाच्छादित आहे. या जिल्ह्यातल्या तरुण माणसाचे चित्र राज्यातल्या वाचकापुढे कधी येते? एकतर प्रजासत्ताक दिनाच्या समारंभात मोरपिसे लावून नाचताना. नाहीतर चकमकीच्या किंवा आत्मसमर्पणाच्या बातमीत, चेहरा झाकून. या दोहोंच्या मध्ये जे सारे आयुष्य आहे, म्हणजे आश्रमशाळेतला अभ्यास, तेंदूपानाचा हंगाम, सायकलवरून बाजार, पोलीस भरतीसाठी पहाटे केलेला धावण्याचा सराव, ते चित्रात येत नाही. १८६८ च्या खंडांतील नमुना गेला असे आपण समजतो. तो गेलेला नाही, त्याने वेष बदलला आहे.

आणि तरीही या मुलखातील लोकांनी आपली ओळख स्वतः घडवल्याची उदाहरणे आहेत. धानोरा तालुक्यातील मेंढा या गावाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस सागाच्या खांबांचा गोटुल पुन्हा उभारला. वनखात्याने लाकडाच्या कारणावरून तो पाडला. गावाने माघार घेतली नाही आणि आसपासच्या गावांनीही त्याची साथ केली. जी संस्था संशोधकांच्या ग्रंथात कुतूहलाचा विषय होती ती येथे गावाच्या हक्काची खूण झाली. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये याच गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. गोटुलात बसून निर्णय घेण्याची सवय आणि जंगलाचा कारभार हाती घेण्याची हिंमत यांचा काही संबंध असला पाहिजे.

दुसरे उदाहरण एल्विन यांच्याच पाटणगडचे. ज्या गावातल्या माणसांकडे एल्विन पाहत होते त्याच गावात १९६२ मध्ये जनगढसिंह श्याम हा परधान मुलगा जन्मला. १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनातून त्याची चित्रे जगभर गेली आणि परधान गोंड चित्रकलेची नवी शाखाच निर्माण झाली. ज्यांची चित्रे काढली जात होती त्यांच्या पुढच्या पिढीने कुंचला हाती घेतला.

यातून आपल्या शिक्षणसंस्थांना एक काम सुचते. चांद्याला लागून असलेल्या आदिलाबादमध्ये १९४० च्या दशकात फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी राज गोंडांची शेकडो छायाचित्रे काढली. आजचा राजुरा तालुका तेव्हा निझामाच्या त्याच जिल्ह्यात होता. ही छायाचित्रे लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेत जतन केलेली आहेत. एल्विन यांचे ग्रंथही मोठ्या ग्रंथालयांतून आहेत. त्यांच्या प्रती चंद्रपूर, अहेरी, एटापल्ली, भामरागड येथील शाळा-महाविद्यालयांत आणणे ही फार खर्चाची बाब नाही. २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आहे. हे काम त्याच्या खास अधिकारातले आहे. त्या चित्रांसमोर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बसवावे. हा दागिना कोणता, हा नाच कोणत्या सणाचा, हे वाद्य कोण बनवत असे, हा माणूस कोणाचा आजा, हे विद्यार्थ्यांनी विचारून लिहून घ्यावे. जातीच्या नावाखाली गेलेल्या चेहऱ्यांपैकी काहींना तरी स्वतःचे नाव परत मिळेल. उशीर केला तर मिळणार नाही, कारण ओळखणारे डोळे दरवर्षी कमी होत आहेत.

आणि याच विद्यार्थ्यांनी आजचा बाजार, आजचा रस्ता, आजचा गोटुल टिपावा. एल्विन यांनी परक्याच्या नजरेला जेवढे साधते तेवढे, किंबहुना त्याहूनही थोडे अधिक, साधले. पण परक्याला माळेतले नाणे दिसते. ते कोणी, कसे आणि किती घाम गाळून मिळवले, हे माळ घालणारीलाच ठाऊक असते. ती आता लिहू शकते, छायाचित्र काढू शकते. आठवडी बाजारातल्या प्रत्येक तरुण हातात आज मोबाइल आहे आणि त्यात कॅमेरा आहे. त्या हातांनी काढलेल्या चित्रांना आपल्या इतिहासाच्या पुस्तकात जागा देण्याची तयारी मात्र आपल्याला ठेवावी लागेल.